मागून कोण येणार?

आरसा मी ठाण्याहून नेला होता. कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढा, गोल, काळ्या दांडीचा, हँडलच्या टोकात खोचायचा. सामानात फुटू नये म्हणून लोकरी मोज्यात गुंडाळलेला. इटलीच्या उत्तर टोकाला, डोलोमाइट्सच्या कुशीत दोब्बियाको नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेशनजवळच्या दुकानातून आम्ही दोघा नवराबायकोंनी पाच दिवसांसाठी सायकली भाड्यानं घेतल्या. दुकानातली बाई साठीच्या पुढची असेल. बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं, केस मागे घट्ट बांधलेले. तिनं माझी उंची नुसत्या नजरेनं मोजली, सीट दोन बोटं खाली घेतली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, कॅरिअरच्या दोन बाजूंना पिशव्या अडकवून दिल्या. मग मी मोज्यातून आरसा काढला आणि हँडलच्या टोकाचं बूच काढायला तिच्याकडे काहीतरी हत्यार मागितलं. ते तिनं लगेच दिलं, पण आरशाकडे बघत राहिली. हे कशाला, असं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, मागून येणारं दिसावं म्हणून. तिनं दारातून बाहेर, सायकलींची वाट सुरू होते तिकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मागून? मागून कोण येणार?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी आरसा बसवलाच. हाताला सवय म्हणून उजव्या टोकाला बसवला, कारण आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात. अर्ध्या तासानं नवऱ्याच्या ते लक्षात आलं. "अगं, इथं गाडी आलीच तर डावीकडून येईल," तो म्हणाला. पण गाडी येणारच नव्हती, म्हणून आरसा तसाच राहू दिला. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. पाच दिवसांत पाहिलेल्या पुष्कळ गोष्टी पुसट झाल्या, गावांची नावं एकमेकांत मिसळली, तो प्रश्न मात्र गेला नाही. तो माझ्या मानेत, उजव्या खांद्याच्या वर, जिथे रविवारी संध्याकाळी मी बाम चोळते तिथे बसून राहिलाय.

ठाण्यात राहून सायकल चालवणाऱ्या माणसाला डोंगरांची ददात नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊर दिसतं. खाडीपलीकडे पारसिकची रांग. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून लांबचे सुळकेही दिसतात. अडचण डोंगरांची नाहीच, डोंगरापर्यंत जाण्याची आहे. पहाटे पावणेपाचला निघायचं, माजिवड्याचा पूल अंधारातच मागे टाकायचा, साकेत, खारेगाव, मग नाशिकच्या रस्त्याला लागायचं. या रस्त्यावर पुढे बघून सायकल चालवता येत नाही. कानांनी चालवावी लागते. रिकामा ट्रक खडखडतो, भरलेला गुरगुरतो. टँकरचा आवाज जड आणि एकसुरी असतो. एसटी हॉर्न देते आणि बहुतेक वेळा जागाही देते. सगळ्यात धोकादायक मोटारी, कारण त्या आवाजाच्या आधीच येऊन पोचतात. मोठा ट्रक शेजारून गेला की दोन गोष्टी होतात, ज्यानं अनुभवलंय त्यालाच ते कळेल. आधी हवेचा लोट येऊन आपल्याला रस्त्याच्या कडेला ढकलतो आणि ट्रकची शेपूट पुढे सरकली की तीच हवा आपल्याला आत, चाकांकडे ओढते. ढकलण्यानं माणूस सावध होतो. ओढण्याच्या वेळी तो सुटलो म्हणून हात सैल सोडत असतो.

माझ्या उजव्या कोपरावर अडीच इंचांचा वण आहे, तो आसनगावच्या अलीकडचा. डांबराची कड आणि खालची माती यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. ट्रकनं ढकललं, पुढचं चाक कडेवरून उतरलं, ते वर घ्यायला गेले आणि आडवी झाले. ज्याच्यामुळे पडले तो थांबला नाही. त्याच्या मागचा थांबला. क्लीनर पोरगा उतरला, वीस वर्षांचाही नसेल. त्यानं केबिनमधून पाण्याचा कॅन आणला, जखम धुतली आणि मग त्यांच्या स्वयंपाकाच्या डब्यातली चिमूटभर हळद आणून त्यावर दाबली. ड्रायव्हरनं ट्रक माझ्या मागे तिरका लावून ठेवला होता, मागच्या गाड्या लांबून जाव्यात म्हणून. मी उठून उभी राहीपर्यंत तो तसाच थांबला. ट्रकवाल्यांविषयी मनात राग धरायला गेले की ती हळद आठवते आणि राग पुरा होत नाही. आरसा मी त्याच्या पुढच्या आठवड्यात घेतला.

बाबांच्या सायकलला आरसा नव्हता. कळव्याहून वागळे इस्टेटला कंपनीत ते बावीस वर्षं सायकलनं गेले, जुन्या कळवा पुलावरून, तिन्ही पाळ्यांना. काळी, चोवीस इंची, मागच्या चाकाला डायनॅमो. रात्रपाळीहून येताना पुलाच्या चढावर त्यांचा वेग कमी झाला की दिवा पिवळा होत होत विझायला यायचा, आणि उतार लागला की एकदम पांढरा पडायचा. आई गॅलरीत उभी राहून त्या दिव्यावरून सांगायची, आता पूल उतरले. युरोपहून आल्यावर एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, बाबा, तुम्हाला मागच्या गाड्यांची भीती नाही वाटायची? ते बराच वेळ गप्प राहिले. आता ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत, प्रश्न ऐकू आला की नाही तेच कधी कधी कळत नाही. मग म्हणाले, "मागचं मागच्यानं बघायचं असतं गं. आपण पुढचं बघायचं." जणू हा सृष्टीचा नियमच होता आणि तो मला माहीत नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

दोब्बियाकोहून दक्षिणेला कोर्तिनाकडे जाणारी वाट ही मुळात आगगाडीची. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी रसद पोचवायला या खोऱ्यांत अरुंद रूळ टाकले, युद्धानंतर ते जोडून १९२१ मध्ये माणसांसाठी गाडी सुरू झाली. १९५६ साली कोर्तिनाला हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा प्रेक्षक याच गाडीतून आले. १९६४ मध्ये ती बंद पडली. रूळ उखडले, पण वाट राहिली. दोब्बियाकोपासून कोर्तिनावरून पार कालाल्झोपर्यंत ती पासष्ट किलोमीटर जाते. स्टेशनं अजून उभी आहेत, काहींच्या भिंतींवर गावाचं नाव दिसतं. पहिल्या दिवशी मी पेडल मारायला लागले आणि तासभर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण केव्हापासून चढतोय आणि तरीही बोलतोय. धाप लागलेली नाही. मग कारण कळलं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, गाडीला खडा चढ चढवतच नाही. म्हणून ज्यांनी ती वाट आखली त्यांनी डोंगराला वळसे घातले, दऱ्यांवर पूल बांधले, जिथे वळसाही जमेना तिथे बोगदा खणला. आपल्या भोर घाटात १८६३ मध्ये गाडी चढली ती १:३७ च्या, म्हणजे सदतीस फुटांमागे एक फूट अशा चढावर, आणि तिथं आजही गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. गाडीची ती सगळी अडचण शंभर वर्षांनी माझ्या गुडघ्यांच्या उपयोगी पडत होती. वाटेतली सर्वांत उंच जागा चिमाबांके, १,५३० मीटर. कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या जेमतेम शे-सव्वाशे मीटर खालपर्यंत मी गप्पा मारत सायकलवर गेले. कळसूबाई मी तीनदा चढलेय, तिथल्या शिड्या धरून धरून तळहात लाल झालेले आठवतात, त्यामुळे हा आकडा मला कितीतरी वेळ खरा वाटेना.

खडीची वाट होती, बारीक पांढऱ्या खडीची. टायरखाली ती तळणीत साबुदाणा फुलावा तशी तडतडत होती. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडं आणि त्यांचा तो डिंकाचा, किंचित कापरासारखा वास. रिएन्झ नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. लांद्रोच्या तळ्याशी पोचलो तेव्हा वारा पडलेला होता आणि समोरचा क्रिस्तालो डोंगर पाण्यात उलटा उभा होता. मोटारींचा रस्ताही याच खोऱ्यातून जातो, हे सांगायला हवं, कारण फोटोत तो दिसत नाही. झाडांच्या फटीतून मोटारसायकलींचे थवे दिसत, त्यांचा आवाज येई. पण तो आवाज बाजूनं यायचा. मागून नाही. या दोन्हींत किती फरक आहे हे मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. माझी मान तरीही दर दोन मिनिटांनी उजवीकडे वळत होती, नजर आरशात जात होती, आरशात रिकामी पांढरी वाट आणि तिच्यावर डोंगर. ठाण्याच्या रस्त्यानं पढवलेली मान इटलीत आलीय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

लांद्रोच्या अलीकडे वाटेला लागूनच झाडांत एक दफनभूमी आहे, महायुद्धात या डोंगरांवर मेलेल्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांची. उतारावर क्रूसांच्या रांगा. आम्ही सायकली टेकवून आत गेलो. हंगेरीच्या सपाट मुलखातली, अशा भिंतीसारख्या डोंगरांत कधी पाय न ठेवलेली किती मुलं इथे वर चढली असतील, असं काहीतरी नवरा बोलत होता. मी त्या वाटेचा विचार करत होते. बंदुका आणि दारूगोळा वाहायला जी वाट खणली, तिच्यावरून आज एक बाप लहान मुलीला पुढच्या आसनावर बसवून गाणं म्हणत चालला होता. तो आम्हाला ओलांडून पुढे गेला तेव्हा मुलीनं क्रूसांकडे बोट दाखवून त्याला काहीतरी विचारलं. त्यानं गाणं थांबवलं आणि उतरून तिला सावकाश उत्तर दिलं. वाटेच्या मधोमध उभा राहून. कोणालाही वाट न देता, कारण द्यायची गरजच नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही दुसऱ्या बाजूला गेलो, पूर्वेला, द्रावा नदीबरोबर. दोब्बियाकोचं पठार मोठं विलक्षण आहे. दिसायला नुसतं गवताचं सपाट मैदान, पण तिथं पाणी दोन दिशांना फुटतं. पश्चिमेकडचं रिएन्झमधून वाहत वाहत एड्रिॲटिक समुद्राला जातं आणि पूर्वेला उगम पावणारी द्रावा डॅन्यूबला मिळून पार काळ्या समुद्राला. मला आपला घाटमाथा आठवला. तिथेही नाणेघाटाजवळ उगवणारी कुकडी पूर्वेला भीमेत जाऊन बंगालच्या उपसागराची वाट धरते आणि कड्यावरून इकडे उडी घेणारं पाणी काळू नदीतून, उल्हासमधून आमच्याच खाडीत येतं. पावसाळ्यात कळवा पुलाखालचं तांबडं पाणी बघताना हे नेहमी मनात येतं. फरक एवढाच की त्यांचं पाणी गवतावरून सावकाश निघतं. आपलं कड्यावरून कोसळतं. म्हणून त्यांच्या नदीला सायकलवाट सोबत करू शकते, आपल्या नदीला फक्त दोर लावून उतरणारे.

सान कांदिदोपासून ऑस्ट्रियातल्या लिएन्झपर्यंत चव्वेचाळीस किलोमीटर, जवळपास सगळाच उतार, एकूण पाचशे मीटर. जातांना सायकल, येताना सायकली चढवून आगगाडी. त्यामुळे अर्धं इटली त्या वाटेवर असतं. आजोबा, आज्या, गुडघ्याला पट्टी बांधलेल्या काकू, मागे जोडलेल्या छोट्या गाडीत झोपलेली बाळं, टोपलीत बसलेलं कुत्रं. देशाची सीमा वाटेतच लागते, एक पाटी आणि संपलं. जून असल्यानं गवत कापणी चालू होती. आपल्याकडे भात झोडपून झाल्यावर मुरबाडच्या बाजूला पेंढ्याचा जो गोड, कोरडा वास सुटतो, त्याचाच हा हिरवा भाऊ. हाइनफेल्सला वेफर बिस्किटांचा लोआकरचा कारखाना आहे, तिथं सगळ्या पोरांच्या सायकली आपोआप वळत होत्या. तीच बिस्किटं आमच्या इथल्या सुपरमार्केटच्या वरच्या फळीवर असतात. ती इथून निघतात हे बघून उगाच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं. सिलियानच्या पुढे वाट झाडीत शिरली, नदी अगदी हाताशी आली. पाण्याचा आवाज इतका मोठा की चेनचा आवाजही बुडाला. आणि तिथं कुठेतरी मला जाणवलं की मी बराच वेळ आरशात पाहिलेलं नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. मान सरळ होती. खांदे कानांपासून खाली उतरले होते. मी सायकलवर बसल्यावर माझे खांदे कानांशी असतात हेच मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मी थांबले आणि रडले.

नवरा मागून आला, घाबरला. त्याला वाटलं पडले. मी म्हटलं, अरे काही नाही, पाय दुखला. खरं काय झालं होतं ते मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता. कोणीतरी आपल्या वाट्याचं इतकी वर्षं बाजूला ठेवलं होतं आणि ते आपल्याला कोणी सांगितलंच नाही, तसा राग होता. बाबांची बावीस वर्षं आठवली. आसनगावचा पोरगा आठवला, त्याची ती हळदीची चिमूट. आणि ज्या मैत्रिणी पहिल्या सहा महिन्यांत सायकल विकून मोकळ्या झाल्या त्या आठवल्या. घरचे नको म्हणतात, असं त्या सांगायच्या. घरच्यांचं चूक नव्हतं.

त्याच वेळी आणखी एक खरं आहे. त्या पाच दिवसांत आम्हाला कोणीही विचारलं नाही की तुम्ही कुठून आलात. लोक हसायचे, मान डोलवायचे, हलो म्हणायचे आणि जायचे. वाट इतकी चोख की कोणाला काही विचारावंच लागत नाही. प्रत्येक फाट्यावर पाटी, प्रत्येक गावात थंड पाण्याची धार. मला मुरबाडच्या रस्त्यावरच्या टपऱ्या आठवायला लागल्या. टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याला आम्ही एकदा एका टपरीत सायकली ठेवून नाणेघाट चढलो होतो. टपरीवाल्या मावशींनी आधी सगळी चौकशी केली, ठाण्याहून सायकलवर, तेही बाई माणूस, मग मुलं किती, सासूबाई काय म्हणतात. सायकलींना स्वतःच्या खाटेच्या पायाशी साखळी लावली आणि पैसे घेतले नाहीत. नाणेघाट म्हणजे तरी काय, दोन हजार वर्षांपूर्वीची वाहनमुक्त डोंगरवाटच की. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल बैलांच्या पाठीवरून याच नळीतून जुन्नरला चढायचा. वर जकातीचा दगडी रांजण अजून आहे, गुहेच्या भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. आम्ही वर पोचलो तेव्हा घाटाच्या तोंडातून असा वारा वर येत होता की टोपी हातात धरावी लागली. त्या दगडी फरसबंदीवर बसून मी तांड्यांचा विचार केला. त्यांच्यात शेवटच्या बैलामागे कोणीतरी चालत असणारच. मागचं बघायला.

तिकडे उत्तर इटलीतच पोन्तेब्बाना नावाचा रेल्वेमार्ग होता. नवा मार्ग बहुतांश बोगद्यांतून काढला तेव्हा जुना मोकळा झाला, आणि आज साल्झबुर्गहून एड्रिॲटिक समुद्राकाठच्या ग्रादोपर्यंत जी चारशे किलोमीटरच्या वरची सायकलवाट जाते, तिचा एक टप्पा त्या जुन्या मार्गाच्या पुलांवरून आणि बोगद्यांतून जातो. किउझाफोर्तेचं स्टेशन आता सायकलवाल्यांचं उपाहारगृह आहे. आम्ही तिथं गेलो नाही, पुढच्या वेळेसाठी ठेवलं. पण हे वाचल्यापासून मला ठाण्यात जिथे तिथे वाटा दिसायला लागल्यात. येऊरच्या डोंगराखालून बोरिवलीला जाणारा बोगदा खणला जातोय. गाड्या पोटातून गेल्यावर घोडबंदर रस्त्याच्या कडेनं हातभर रुंदीची जागा कोणाला सुचेल का? तानसाचं धरण १८९२ चं. तेव्हापासून तिथलं पाणी उतारानं मुंबईला येतंय. म्हणजे डोंगरापासून शहरापर्यंत सौम्य उताराची एक रेघ सव्वाशे वर्षांपूर्वीच कोणीतरी आखून ठेवलीय आणि त्या जाड नळांच्या कडेनं माणसं पहाटे चालतात, सायकली चालवतात. मुंबईच्या हद्दीत या जलवाहिनीलगत एकोणचाळीस किलोमीटरच्या सायकलवाटेची योजना जाहीर झाली, तेव्हा मी ती बातमी कापून फ्रिजवर लावली होती. कागद पिवळा झाला, अजून काढलेला नाही. कधी पहाटे ती वाचते आणि बोटानं रेघ पुढे ओढते, मुलुंडवरून ठाण्यात, ठाण्याहून खाडी ओलांडून भिवंडी, तिथून झाडीत.

तोपर्यंत येऊर आहे. रविवारी सहाच्या आधी फाटक गाठलं तर गाड्या जवळजवळ नसतात. पावसाळ्यात त्या चढावर शेवाळाचा आणि ओल्या सागाच्या पानांचा वास असतो, माकडं कठड्यावर ओळीनं बसलेली असतात, वळणावळणावर पाण्याच्या बारीक धारा रस्त्यावर येतात. फाटकापाशी वनखात्याच्या चौकीतले दादा आता ओळखतात, हात करतात. साडेसातनंतर मात्र वर बंगल्यांवर आणि हॉटेलांत जाणाऱ्या गाड्या सुरू होतात आणि माझे खांदे पुन्हा कानांकडे सरकतात. मी त्यांना खाली घ्यायचा प्रयत्न करते. कधी जमतं.

गेल्या महिन्यापासून आमच्याच मजल्यावरची बारा वर्षांची मुलगी माझ्याबरोबर येते. तिची आई माझी मैत्रीण, म्हणून मी तिची मावशी. तिला गिअरची सायकल वाढदिवसाला मिळाली आणि सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरून ती कंटाळली. आईनं मला चार वेळा बजावलं, हिला पुढे ठेव हं, नजरेसमोर. पहिल्या रविवारी ती दुसऱ्याच वळणावर उतरून चालायला लागली. दुसऱ्या रविवारी चौथ्या. पाणी पिताना तिनं माझ्या हँडलवरचा आरसा बोटानं फिरवला, त्यात स्वतःचे दात पाहिले आणि मला पण असा हवा म्हणाली. कशाला, मी विचारलं. आणि विचारताना दोब्बियाकोच्या त्या बाईचा सूर माझ्या तोंडून आला, तोच, टोमणा नसलेला. मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "तुझ्याकडे आहे ना, म्हणून."

काल पाऊस थांबलेला होता. फाटकाच्या अलीकडे, चढ सुरू व्हायच्या आधी मी सायकल कठड्याला टेकवली, खिशातली ॲलन की काढली आणि माझा आरसा सोडवला. माझ्या हँडलच्या टोकाला एक भोक उरलं, त्यात बूच बसवलं, ते गेल्या वर्षीपासून पैशांच्या पाकिटात पडून होतं. मग तिच्या सायकलच्या उजव्या टोकाला आरसा खोचून, कानाला कुडी घालताना बघतात तसा मागे-पुढे करत, घट्ट केला. ती सीटवर बसली. मी तिच्या मागे जाऊन माझ्या सायकलवर बसले, नेहमीच्या अंतरावर, आणि तिला म्हटलं, आता थोडा बाहेर वळव, अजून थोडा, हं. तिनं एक डोळा मिटून आरशात पाहिलं. वरून एक मोटारसायकल उतरत आली, वळणावर हॉर्न देऊन निघून गेली. झाडांवरून पाणी ठिबकत होतं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"तू," ती म्हणाली आणि पहिल्या गिअरवर चढाला लागली.